शास्त्राचे शब्द आणि फारशी

पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांत, पौडच्या पलीकडे, वळकी नदीच्या खोऱ्यांत कोळवण नांवाचें गांव आहे. भातखाचरांचा हा मुलूख. तेथील शेतकरी शेताविषयीं बोलूं लागला कीं तीन निरनिराळ्या विद्यांचे शब्द त्याच्या एकाच वाक्यांत शेजारीं शेजारीं येऊन बसतात, आणि त्याचें नवल ना बोलणाराला वाटत, ना ऐकणाराला. 'मृगाचा पाऊस' हे शब्द पंचांगांतले, म्हणजे संस्कृत ज्योतिषाचे. 'खरिपाचा हंगाम', 'जिरायत जमीन', 'हद्द', 'महसूल', आणि कागदाच्या माथ्यावरचें 'मौजे कोळवण, तालुका मुळशी, जिल्हा पुणें', हे शब्द अरबी-फारशींतून आलेले. (वर लिहिलेला 'मुलूख'हि अरबीच!) आणि खताच्या पोत्यावरचे 'नत्र, स्फुरद, पालाश' हे युरोपीय रसायनशास्त्राकरितां अलीकडच्या विद्वानांनीं घडविलेले. मृग, महसूल आणि नत्र या तीन थरांपैकीं मधला थर आपल्याकडे सर्वांत कमी अभ्यासला गेला आहे. कारण फारशी म्हटली कीं दरबार, गझला आणि अत्तरदाणी एवढेंच मनांत येतें. शास्त्राशीं तिचा संबंध असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं.

फारशी शब्द तलवारीबरोबर आले अशी समजूत आहे. कांहीं आले हें खरें. परंतु जे टिकले त्यांतील पुष्कळसे हिशेबनिसाच्या लेखणीबरोबर आले. 'हिशेब', 'जमा', 'खर्च', 'बाकी', 'रक्कम', 'तारीख', 'कागद', 'शाई' हे शब्द काढून टाकले तर वाण्याची वही लिहितां यावयाची नाहीं. बहमनी राज्य फुटून झालेल्या शाह्यांत जमिनीची आकारणी व जमाखर्चाची मांडणी फारशी वळणाची होती. लिहिणारा कारकून मात्र बहुधा मराठीच असे. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहानें सोळाव्या शतकांत हिशेबाचें दप्तर फारशींतून काढून देशी भाषेंत आणविलें; तरीसुद्धां भाषा बदलली आणि शब्द राहिले. 'दप्तर' हा शब्दच पाहावा. तो फारशीचाहि मूळचा नव्हे. ग्रीक भाषेंतील 'डिफ्थेरा', म्हणजे कातडें, हें त्याचें मूळ. कातड्यावर लिहीत, म्हणून लिखाणाच्या गठ्ठ्यास तें नांव पडलें. ग्रीसहून इराण, इराणाहून विजापूर, आणि आतां शाळेंतल्या पोराच्या पाठीवर!

या लेखणीनें आणलेली सर्वांत विलक्षण वस्तु म्हणजे सुहूर सन. मुसलमानी हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचें. सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान. तेहेतीस वर्षांत त्याचा सबंध एका वर्षाचा फरक पडतो. अमुक हिजरी महिन्यांत सारा भरावा असा हुकूम काढला तर त्या महिन्यांत कधीं पीक खळ्यांत असणार आणि कधीं रोप वाफ्यांत. दिल्लीच्या दरबाराला ही अडचण दख्खनेंत आल्यावर विशेष जाणवली असावी. मुहंमद तुघलकाच्या अमदानींत, हिजरी ७४५ म्हणजे १३४४ सालच्या सुमारास, वर्षाचा आंकडा हिजरीचाच ठेवून तें वर्ष सौर केलें गेलें, आणि त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रांत जाईल त्या दिवशीं धरण्यांत आला. म्हणून त्यास 'मृगसाल' असेंहि म्हणत. वर्षाचें नांव अरबी, आरंभ संस्कृत नक्षत्राचा, आणि प्रयोजन मराठी कुणब्याची पेरणी! सुहूर आंकड्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो.

हें वर्ष आंकड्यांत लिहीत नसत, अक्षरांत लिहीत, आणि तींहि अरबी अक्षरगणनेचीं नांवें. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार. मिळून ११७२, अर्थात् १७७१-७२ साल. ज्यानें अरबीचें एक अक्षर गिरवलें नाहीं असा मोडी लिहिणारा कारकून हीं नांवें मुखोद्गत ठेवीत असे. त्यास हें जड गेलें नसावें, याचें एक कारण मौजेचें आहे. अरबी रीतींत एकंपासून हजाराकडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे आंकडे वाचतात; आणि संस्कृत ज्योतिषग्रंथांतहि संख्या शब्दांनीं सांगतांना हाच उलटा क्रम असतो. गांवच्या जोश्याची रीति आणि दरबारी कारकुनाची रीति या बाबतींत एकच होती. ज्यांच्या घरीं जुने मोडी कागद असतील त्यांनीं एकदां त्यांतील हा वर्षाचा उल्लेख हुडकून पाहावा.

शब्दांची ही वाट एकाच दिशेनें वाहत नव्हती. गणित व ज्योतिष हीं शास्त्रें भरतखंडांतून अरबांकडे गेलीं तेव्हां शब्दहि गेले. त्रिकोणमितींतील 'ज्या' किंवा 'जीवा' या शब्दाचें अरबांनीं 'जीबा' असें लेखन केलें. अरबी लिपींत स्वरचिन्हें गाळण्याची चाल. पुढें वाचणारांनीं तोच शब्द 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा गळ्याशीं पडलेला घोळ. हिंदुस्थानी भाषेंत खिशाला 'जेब' म्हणतात तो हाच शब्द. लॅटिन भाषांतरकारांनीं इमानानें त्या घोळाचेंच भाषांतर 'सायनस' असें केलें, आणि त्याचा झाला इंग्रजी 'साइन'. धनुष्याच्या दोरीचा अशा रीतीनें खिसा झाला, तो जगांतील यच्चयावत् मुलें आज शिकतात.

महाराष्ट्राच्या भूमीशीं जवळचा संबंध असलेलें भाषांतर म्हणजे 'लीलावती'चें. भास्कराचार्यांनीं हा ग्रंथ ११५० सालीं रचला. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं त्यांचा नातू चंगदेव यानें काढलेल्या मठाला १२०७ सालीं देणगी मिळाल्याचें त्यांत नमूद आहे. अकबराच्या आज्ञेवरून कवि फैजी यानें १५८७ सालीं 'लीलावती' फारशींत आणली; आणि शहाजहानच्या काळीं अताउल्ला रुश्दी यानें भास्कराचार्यांचें 'बीजगणित' फारशींत उतरविलें. हा रुश्दी ताजमहालाच्या कामाशीं ज्याचें नांव जोडलें जातें त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. आतां गंमत अशी. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र मांडलें, तिच्या अंगावरचा मोतीं त्यांत पडून भोंक बुजलें व मुहूर्त टळला, ही कथा महाराष्ट्रांतील घराघरांत सांगितली जाते. तिचा आधार मूळ संस्कृत ग्रंथांत नाहीं. ती प्रथम आढळते फैजीच्या फारशी प्रस्तावनेंत! आपलीच वस्तु परक्या घरीं जाऊन नवें वस्त्र लेऊन परत आली, आणि आपण तें वस्त्रच तिचें मूळचें अंग समजलों.

ज्या १५८७ सालीं 'लीलावती' फारशी झाली, त्याच सालीं उलट दिशेनें एक ग्रंथ पुरा झाला. त्याचें नांव 'ताजिकनीलकंठी'. कर्ता नीलकंठ दैवज्ञ हा मूळच्या विदर्भांतील, पण काशीस स्थायिक झालेल्या घराण्यांतला. वर्षफल वर्तविण्याची ही पद्धति अरबांकडून आलेली. 'ताजिक' हें तिचें नांवच अरब या अर्थाच्या फारशी शब्दावरून पडलेलें. नीलकंठानें व त्याच्या परंपरेनें परकी शब्दांचें भाषांतर केलें नाहीं. ध्वनि तेवढा संस्कृत छंदाच्या सांच्यांत बसविला. अरबी 'इत्तिसाल', म्हणजे जोड, त्याचा झाला 'इत्थशाल'. 'इन्सिराफ'चा 'ईसराफ'. 'मुन्तहा', म्हणजे शेवटचा टप्पा, त्याची झाली 'मुंथा'. आणि आपण रोज उठून जें 'कबूल' म्हणतों, तोच शब्द तेथें 'कंबूल योग' होऊन बसला आहे. सोंवळें नेसून वर्षफल मांडणारा जोशी आजहि 'यंदा मुंथा अमुक स्थानीं आहे' असें सांगतो, तेव्हां तो अरबी बोलत असतो.

दुसरी रीति अवलंबिली ती जगन्नाथ सम्राटानें. परंपरा त्यास महाराष्ट्रीय समजते. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरीं असतांना तो अरबी व फारशी शिकला, आणि नसीरुद्दीन तुसी याच्या अरबी पाठावरून युक्लिडचा ग्रंथ 'रेखागणित' या नांवानें, व टॉलेमीचा ग्रंथ १७३२ सालीं 'सम्राट्-सिद्धांत' या नांवानें त्यानें संस्कृतांत आणला. अरबींतला ध्वनि जसाच्या तसा न उचलतां बिंदु, रेखा, कोण अशा अर्थवाही शब्दांनीं त्यानें सारी रचना केली. 'रेखागणित' पुढें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत छापलें गेलें. ध्वनि ठेवावा कीं अर्थ ठेवावा, हा प्रश्न अशा रीतीनें इंग्रज येण्यापूर्वींच आपल्या पंडितांनीं दोन्ही अंगांनीं सोडवून पाहिला होता. नीलकंठाचे शब्द टिकले, कारण ते वापरणारा जोशी गांवोगांव होता. जगन्नाथाचा ग्रंथ त्याहून थोर, पण तो पढविणारी शाळाच नव्हती. शब्द चांगला कीं वाईट, देशी कीं परका, यापेक्षां तो कोणाच्या हातांतलें काम करतो यावर त्याचें आयुष्य अवलंबून राहिलें, असेंच या सर्व इतिहासांत पुन: पुन: दिसतें.

त्याची सर्वांत मोठी कसोटी झाली शिवाजी महाराजांच्या राज्यांत. अकबराच्या काळीं विहारी कृष्णदासानें, व १६४३ सालीं वेदांगरायानें, 'पारसीप्रकाश' या एकाच नांवाचे दोन ग्रंथ केले होते. पहिल्यांत फारशी शब्दांचे संस्कृत अर्थ, दुसऱ्यांत कालगणनेचे फारशी-अरबी शब्द. पंडितांना फारशी शब्द समजावे व वापरतां यावे, हा त्यांचा हेतु. रघुनाथ पंडितानें १६७७ च्या सुमारास रचलेला 'राज्यव्यवहारकोश' दिसावयास तसाच. परंतु हेतु अगदीं उलटा. फारशी शब्द वापरावेच लागूं नयेत, यासाठीं तो कोश. राज, कार्यस्थान, भोग्य, शस्त्र, चतुरंग, सामंत, दुर्ग, लेखन, जनपद व पण्य असे दहा वर्ग पाडून सुमारें चौदाशें शब्दांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तोफखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत राज्याचें एकहि दालन सोडलेलें नाहीं. एका राजानें आपल्या कारभाराची परिभाषा एकदम पालटावयास घेतली, असें दुसरें उदाहरण त्या काळच्या हिंदुस्थानांत सांपडणें कठीण.

राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ सालीं, पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापति. पुढें काय झालें? 'सेनापति' लोकांनीं उचलला. 'अमात्य' बावड्यास व 'सचिव' भोरास घराण्यांचीं नांवें होऊन राहिले. 'मुख्यप्रधान' शिक्क्यांत राहिला आणि जगानें म्हटलें 'पेशवे'. डबीर आणि सुमंत हीं दोन्ही आज आडनांवें आहेत. एकाच हुद्द्याचे दोन शब्द दोन घरांच्या दारांवरच्या पाट्यांवर नांदत आहेत. राज्याभिषेक शक सुरू झाला, तरी दप्तरांतला सुहूर सन पेशवाई संपेपर्यंत चाललाच. कारण सारा मृगापासूनच मोजावयाचा होता.

किल्ल्यांच्या नांवांचीहि तीच तऱ्हा. कोळवणवरून हाडशी, जवण अशी वाट तिकोन्याच्या पायथ्याशीं जाते. महाराजांनीं तिकोन्याचें नांव 'वितंडगड' ठेविलें. तोरण्याचें 'प्रचंडगड' ठेविलें. कोंढाण्याचा सिंहगड झाला, रायरीचा रायगड झाला. पण मावळांत आजहि तिकोना तो तिकोनाच आणि तोरणा तो तोरणाच. येथें फारशीचा प्रश्नहि नव्हता. 'तिकोना' हें अस्सल देशी नांव. डोंगर तीन कोनांचा दिसतो, गुराख्याला तेवढें पुरतें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं या फेरपालटाचें माप घेण्यासाठीं तीन कागद निवडले. १६२८ च्या कागदांत २०२ शब्द फारशी आणि अवघे ३४ मराठी. १६७७ च्या कागदांत ५१ फारशी आणि ८४ मराठी. १७२८ च्या कागदांत ८ फारशी आणि ११९ मराठी. आंकडे बोलके आहेत, आणि ते पुष्कळांनीं पुष्कळदां उद्धृत केले आहेत. तरी तीन कागद म्हणजे तीनच कागद. साऱ्याचा कागद आणि घरगुती पत्र यांत फारशीचें प्रमाण सारखें कधींच नसतें, आणि उत्तर पेशवाईच्या हिशेबी कागदांत फारशी शब्दांची रेलचेल सहज दिसते. राजवाड्यांचा निष्कर्ष दिशा म्हणून खरा, माप म्हणून उतावळा.

१८१८ नंतर फारशीच्या जागीं इंग्रजी आली. बाळशास्त्री जांभेकरांनीं चलनकलनासारख्या विषयाला 'शून्यलब्धि' असें नांव देऊन मराठींत पुस्तक लिहिलें. तें नांव गेलें, आतां 'कलन' म्हणतात. 'भूमिति' मात्र कायम राहिली, आणि ती 'रेखागणिता'पेक्षां ग्रीक शब्दाला अधिक इमानी आहे. दोन्ही ठिकाणीं जमिनीची मोजणी हाच अर्थ. या काळांत पुढील गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. सयाजीराव गायकवाडांनीं १९३१ सालीं बडोद्यास 'शासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध करविला, त्यांत इंग्रजी राज्यकारभाराच्या शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत इत्यादि भाषांबरोबर फारशी प्रतिशब्दहि दिलेले आहेत. एका मराठा राजाच्या दप्तरांत इंग्रजीचें फारशींत भाषांतर व्हावें, आणि तेंहि राज्यव्यवहारकोशानंतर अडीचशें वर्षांनीं!

त्याच सुमारास भाषाशुद्धीचा वाद रंगला. रत्नागिरीस स्थानबद्ध असतांना सावरकरांनीं तो पेटविला. 'दिनांक', 'क्रमांक', 'महापौर' हे शब्द त्यांच्या नांवानें ओळखले जातात. त्यांच्या बाजूचे एक कट्टे पुरस्कर्ते झाले माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन, जे स्वत: फारशीचे प्राध्यापक आणि १९२५ च्या 'फारशी-मराठी कोशा'चे कर्ते! ज्यानें फारशीचें सारें भांडार मोजून पाहिलें त्यानेंच १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहावा, याला विरोधाभास म्हणावें कीं अधिकार म्हणावें? अधिकार म्हणणेंच न्यायाचें. कोणता शब्द परका हें सांगण्याची ज्याला खरी ऐपत होती, असा त्या वादांत दुसरा क्वचितच असेल.

आणि गंमत अशी कीं खुद्द इराणांतहि तेव्हां हेंच चाललें होतें. १९३५ सालीं तेथें 'फरहंगिस्तान' नांवाची संस्था निघाली, ती अरबी शब्द काढून शुद्ध फारशी शब्द बसविण्यासाठीं. विमानाला अरबी शब्द होता, तो जाऊन 'हवापैमा' आला. 'पैमा' म्हणजे मोजणारा, आक्रमणारा. आणि संस्कृत 'विमान' शब्दांतहि मोजण्याचाच धातु आहे. एकमेकांस न विचारतां दोन्ही भाषा एकाच जागीं पोंचल्या.

मराठी मुलांना या वादाची प्रत्यक्ष झळ लागली ती मराठवाड्यांत. निजामाच्या राज्यांत माध्यमिक शिक्षण उर्दूंतून होतें. १९१७ सालीं हैदराबादेस भाषांतरखातें निघालें, १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ सुरू झालें, आणि तेथें शास्त्राची सगळी परिभाषा अरबी-फारशी धातूंवरून घडविली गेली. काम मोठ्या तोलाचें होतें. एका देशी भाषेंतून विद्यापीठापर्यंत विज्ञान शिकवून दाखविण्याचा तो हिंदुस्थानांतील पहिला मोठा प्रयोग, हें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. परंतु ज्या मुलाच्या घरीं 'कोन' आणि 'तिकोनी' हे शब्द आई स्वयंपाकांतहि वापरी, त्याला शाळेंत 'जाविया' आणि 'मुसल्लस' घोकावे लागत. नांदेडच्या मुलाला परीक्षेंत भूमिति अवघड गेली, ती भूमितीमुळें कीं मुसल्लसामुळें, हें कोण सांगणार? १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राज्य संपलें, आणि ती परिभाषा मराठवाड्यांतून पाहतां पाहतां नाहींशी झाली. त्याच १९४८ सालीं पुण्यास दाते-कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' बाहेर पडला, हा योगायोग.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर सरकारानें पुन: कोश करविले. कलेक्टराचा 'जिल्हाधिकारी' झाला. त्यांतला 'जिल्हा' अरबी, 'अधिकारी' संस्कृत. १९६६ च्या कायद्याचें नांव 'महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम'. जमीन फारशी, महसूल अरबी, अधिनियम संस्कृत. हे शब्द काढण्याचा प्रयत्न रघुनाथ पंडितानें केला, भाषाशुद्धिवाल्यांनीं केला, आणि शेवटीं कायदा लिहिणारांनीं ते मुकाट्यानें शीर्षकांत घातले. मात्र रघुनाथ पंडिताचा 'सचिव' तीन शतकांनीं मंत्रालयाच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन बसला.

राहिलें कोळवणच्या शेतकऱ्याचें खत. 'नत्र' हा शब्द ध्वनीवरून घडला आहे. नायट्रोजनमधील 'नायट्र' त्यांत ऐकूं येतें. 'स्फुरद' अर्थावरून, फॉस्फरस अंधारांत चमकतो, म्हणून स्फुरण्याचा धातु घेतला. 'पालाश' दोन्हींवरून, पोटॅशशीं नाद जुळतो, आणि पळसाचें झाडहि आठवतें. नीलकंठाची रीति, जगन्नाथाची रीति आणि दोहोंची मिळवणी, हीं तिन्ही एका पोत्यावर एका ओळींत छापलेलीं असतात. शहरांतला सुशिक्षित बोलतांना नायट्रोजन म्हणतो. भाताला खत देणारा माणूस 'नत्राचा हप्ता' म्हणतो, आणि त्यांतला 'हप्ता' फारशी. 'युरिया'चें भाषांतर मात्र रूढ झालेलें नाहीं. दुकानदार त्याची नोंद खरीप हंगामाच्या खात्यांत करतो आणि पावती देतो. पावती मात्र मराठीच, 'पावणें' या क्रियापदापासून झालेली.